मुदत टळून गेल्यावर : ग्रेस फ्रायरचा लढा

आपल्याकडे गाड्यांच्या नंबरप्लेट बनवणाऱ्या दुकानांच्या पाट्यांवर रेडियम हा शब्द हमखास दिसतो. अंधारात चमकणाऱ्या चिकटपट्टीला आपण सर्रास रेडियम म्हणतो. खरे तर त्या पट्टीत रेडियमचा अंशही नसतो. समोरून येणारा प्रकाश ती परत फेकते, एवढेच. मात्र एकेकाळी घड्याळाच्या तबकडीवर रात्री उजळणारे आकडे खरोखर रेडियमच्या रंगाने रंगवलेले असत, आणि ते रंगवण्याचे काम अमेरिकेत कोवळ्या वयाच्या मुली करीत. त्यांच्यापैकी एकीचे नाव ग्रेस फ्रायर. कामाच्या ठिकाणी शरीरात शिरलेल्या विषाबद्दल मालकाला न्यायालयात खेचणाऱ्यांच्या इतिहासात तिचे नाव अग्रभागी घेतले जाते. तिचा सामना एका कंपनीशी होताच. पण कायद्याने ठरवून दिलेली मुदत हा तिचा त्याहूनही चिवट प्रतिस्पर्धी होता. रोग उशिरा प्रकट होतो आणि कायदा लवकर दार लावतो, या विसंगतीशी ती झुंजली.

ग्रेसचा जन्म १४ मार्च १८९९ रोजी झाला. त्याच्या आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये मेरी आणि पिएर क्युरी यांनी रेडियमचा शोध जाहीर केला होता. न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज परिसरात, एका मोठ्या कष्टकरी कुटुंबात ती वाढली. वडील सुतारांच्या संघटनेचे प्रतिनिधी होते. कामगाराने आपल्या हक्कासाठी उभे राहायचे असते, ही गोष्ट तिला पुस्तकातून शिकावी लागली नाही. ती घरातच तिच्या कानावर पडत होती.

ओठ, रंग आणि तबकडी

१९१७च्या एप्रिलमध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. खंदकातल्या सैनिकाला रात्री दिवा न लावता वेळ पाहता यावी, विमानातील उपकरणे अंधारात वाचता यावीत, यासाठी स्वयंप्रकाशी तबकड्यांची मागणी एकाएकी वाढली. ऑरेंज येथे रेडियम ल्युमिनस मटेरियल कॉर्पोरेशन नावाची कंपनी अशा तबकड्या बनवीत होती. सॅबिन फॉन सोचोकी हे तिचे एक संस्थापक. अंधारात उजळणारा रंग त्यांनीच तयार केला होता. त्यात अत्यल्प रेडियम आणि जस्ताचे सल्फाइड असे. रेडियममधून सतत बाहेर पडणारे कण जस्ताच्या संयुगावर आदळत आणि त्यातून हिरवट प्रकाश निघे. या भुकटीत पाणी व डिंक मिसळला की रंग तयार. पुढे १९२१ मध्ये ही कंपनी युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशन या नावाने ओळखली जाऊ लागली.

१९१७च्या वसंतात, अठरा वर्षांची असताना ग्रेस या कारखान्यात रुजू झाली. त्या काळी मुलींना मिळणाऱ्या कामांत हे काम प्रतिष्ठेचे मानले जाई. बसून करायचे, कलाकुसरीचे, शिवाय मजुरी तबकडीमागे मिळत असल्याने हात चपळ असेल तर कमाईही इतर कारखान्यांपेक्षा चांगली. एकेक मुलगी दिवसाला सुमारे अडीचशे तबकड्या रंगवी. आकडे बारीक, रेषा नाजूक. उंटाच्या केसांच्या कुंचल्याचे टोक दोन-चार फटकाऱ्यांत पसरत असे आणि ते पुन्हा टोकदार करण्याची सोपी पद्धत मुलींना शिकवलेली होती: कुंचला ओठांत धरून टोक जुळवायचे, रंगात बुडवायचे आणि रंगवायचे. प्रत्येक वेळी रंगाचा सूक्ष्म अंश पोटात जाई.

कोणाला त्याचे भय वाटण्याचे कारणच नव्हते. रेडियम तेव्हा संजीवनी समजले जात होते. ते मिसळलेले पाणी टॉनिक म्हणून विकले जाई, वर्तमानपत्रांत त्याचे गोडवे गायले जात. संध्याकाळी घरी जाताना मुलींचे केस आणि कपडे मंद उजळत. काही जणी गंमत म्हणून नखांना, दातांनाही तो रंग लावीत. नाक शिंकरल्यावर आपला रुमाल अंधारात चमकतो, हे ग्रेसच्याही लक्षात आले होते. त्याच इमारतीतील प्रयोगशाळेत रेडियम हाताळणारे रसायनतज्ज्ञ मात्र शिशाचे पडदे आणि चिमटे वापरीत. रंगकाम करणाऱ्या मुलींना यांतले काहीच दिले जात नव्हते.

एकदा सोचोकी कामाच्या दालनातून जात असता ग्रेसला कुंचला ओठांत घेताना पाहून थांबले आणि असे करू नकोस, त्याने आजारी पडशील, असे त्यांनी तिला सांगितले. तिने लगेच देखरेख करणाऱ्या बाईंना विचारले. त्यांनी त्यात काही धोका नसल्याचे सांगून तिला निश्चिंत केले. काम पूर्ववत सुरू राहिले. दहा वर्षांनंतर न्यायालयात ग्रेसने हा प्रसंग शपथेवर सांगितला.

आजाराला नाव नव्हते

१९२० मध्ये ग्रेसने कारखाना सोडला आणि न्यूअर्कमधील एका बँकेत नोकरी धरली. काम चांगले, मान चांगला. कारखान्याचा आणि तिचा संबंध तिथे संपला, असे तिला वाटले असणार. सुमारे दोन वर्षांनी तिचे दात हलू लागले. काढलेल्या दातांच्या जागी जखमा भरेनात, जबड्यात गळू झाले. क्ष-किरण चित्रात हाड पोखरले गेल्याचे दिसले. पुढे पाठीत आणि पायात वेदना सुरू झाल्या. ऑरेंजच्या अस्थिरोग रुग्णालयातील डॉ. रॉबर्ट हम्फ्रीज यांनी तिच्या पाठीला आधार म्हणून पोलादी पट्टा बांधला. तो बांधूनच ती रोज बँकेत जाई.

तिच्यासारख्याच इतर मुली गावातल्या निरनिराळ्या दंतवैद्यांच्या पायऱ्या झिजवीत होत्या. अमेलिया मॅगिया, जिला सगळे मॉली म्हणत, तिच्यावर दंतवैद्य जोसेफ नेफ उपचार करीत होते. तिच्या जबड्याचे हाड त्यांच्या हातात सहज निघून आले. १२ सप्टेंबर १९२२ रोजी ती वारली. मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून उपदंशाची नोंद झाली. तरुण, अविवाहित मुलीच्या नावापुढे हा रोग लिहिला जाणे म्हणजे तिच्यामागे कुटुंबालाही मान खाली घालायला लावणे होते. त्या नोंदीने कारखान्याकडे बोट दाखवण्याची वाटही काही काळ बंद केली.

या आजाराला वैद्यकीय पुस्तकांत नाव नव्हते. काडेपेट्यांच्या कारखान्यांत फॉस्फरसने जबडा कुजतो, हे डॉक्टरांना ठाऊक होते. म्हणून आधी संशय फॉस्फरसवर गेला. रंगात फॉस्फरस नव्हताच. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे दंतशल्यविशारद थिओडोर ब्लम यांनी आपल्या एका लेखाच्या तळटीपेत या विकाराला रेडियमचा जबडा असे नाव दिले. एवढ्या मोठ्या अनर्थाची पहिली वैद्यकीय ओळख एका तळटीपेतून झाली.

पुरावा कोणाच्या हाती

कामामुळे रोग झाला असे म्हणणाऱ्यापुढे पहिला प्रश्न पुराव्याचा असतो, आणि पुरावा बहुधा मालकाच्या कपाटात असतो. ग्रेसच्या बाबतीत हे अक्षरशः खरे ठरले. कारखान्याबद्दल कुजबुज वाढल्यावर १९२४ मध्ये कंपनीने हार्वर्ड विद्यापीठाचे सेसिल ड्रिंकर यांना चौकशीसाठी बोलावले. ड्रिंकर, त्यांच्या पत्नी डॉ. कॅथरीन आणि सहकारी यांनी कारखाना पाहिला. धूळ सर्वत्र होती. कामगार अंधाऱ्या खोलीत उभे केले की त्यांचे चेहरे, हात, अगदी आतले कपडेही उजळत. त्यांच्या रक्ततपासणीत दोष आढळले. या आजारांचे मूळ रेडियममध्येच आहे, असा निष्कर्ष त्यांनी कंपनीला कळवला. कंपनीने तो अहवाल दडपला आणि राज्याच्या कामगार खात्याकडे मुली निरोगी असल्याचे दाखवणारी माहिती पाठवली.

हे लबाडीचे कागद उजेडात आले ते दोन स्त्रियांमुळे. न्यू जर्सीच्या ग्राहक संघटनेच्या कॅथरीन वायली आजारी मुलींच्या घरी जाऊन माहिती गोळा करीत होत्या. त्यांनी हार्वर्डमधील डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांची मदत मागितली. औद्योगिक विषबाधेच्या अभ्यासात हॅमिल्टन यांचा शब्द अमेरिकेत प्रमाण होता. आपला अहवाल कंपनीने कसा वापरला, हे त्यांच्याकडून ड्रिंकर दांपत्याला कळले. कंपनीच्या धमक्यांना न जुमानता त्यांनी १९२५च्या ऑगस्टमध्ये आपले संशोधन प्रसिद्ध केले.

त्याच वर्षी एसेक्स परगण्याचे वैद्यकीय अधिकारी डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनी या प्रकरणात हात घातला. सारा मेलेफर ही तबकड्या रंगवणारी स्त्री जूनमध्ये वारली. तिचे शवविच्छेदन करून त्यांनी तिच्या हाडांत किरणोत्सार असल्याचे दाखवून दिले. काळ्या कागदात गुंडाळलेल्या छायाचित्रणाच्या फिल्मवर तिच्या हाडांचे तुकडे ठेवले असता फिल्मवर त्यांचे ठसे उमटले. रेडियमचे रसायन कॅल्शियमसारखे असल्याने शरीर त्याला हाडांत साठवते, आणि तिथून त्याचे कण आतल्या आत हाडांवर व मज्जेवर सतत मारा करीत राहतात, हे त्यांनी स्पष्ट केले. कातडीबाहेर राहिला तर कागदाच्या कपट्यानेही अडणारा हा कण शरीराच्या आत प्राणघातक होतो. रेडियम निम्मे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. म्हणजे माणसाच्या आयुष्याच्या हिशेबात ते कधीच संपत नाही. जिवंत रुग्णाच्या श्वासातही त्याचे अस्तित्व मोजण्याची पद्धत मार्टलंड यांनी वापरली. त्या उन्हाळ्यात त्यांनी ग्रेसला तपासले. तिच्या शरीरात रेडियम होते. उपाय नव्हता.

कंपनीनेही आपला तज्ज्ञ उभा केला. कोलंबिया विद्यापीठातील फ्रेडरिक फ्लिन यांनी ग्रेसला तपासून तिची प्रकृती उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. फ्लिन हे वैद्यकीय परवाना असलेले डॉक्टर नव्हते आणि त्यांच्या कामाचा मोबदला कंपनी देत होती, हे ग्रेसला तेव्हा ठाऊक नव्हते.

दोन वर्षांची मुदत

आजाराचे कारण कळल्यावर ग्रेसने दावा लावायचे ठरवले. इथे तिला कायद्याची भिंत लागली. न्यू जर्सीच्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात ठरावीक नऊ व्यवसायजन्य रोगांची यादी होती आणि तिच्यात रेडियमचे नाव नव्हते. शिवाय त्या कायद्याखाली अर्ज करण्याची मुदत होती अवघी पाच महिने. १९२६ मध्ये रेडियममुळे होणारा हाडांचा क्षय यादीत घातला गेला, पण आधीच कारखाना सोडून गेलेल्या मुलींना त्याचा उपयोग नव्हता. उरला तो दिवाणी दाव्याचा मार्ग. तिथे मुदत होती इजा झाल्यापासून दोन वर्षांची. ग्रेसने कारखाना सोडला होता १९२० मध्ये. कायद्याच्या गणितानुसार तिचा हक्क १९२२ मध्येच, म्हणजे ज्या सुमारास तिचा पहिला दात हलला त्याच सुमारास संपला होता. जो रोग अजून प्रकट झालेला नाही, त्याच्यासाठी तिने दावा लावायला हवा होता, असा याचा अर्थ.

मार्गरीट कार्लो या तिच्या सहकारिणीने १९२५ मध्येच दावा लावला होता. तिचा आणि आणखी दोन कुटुंबांचा दावा पुढे न्यायालयाबाहेर, माफक रकमांवर मिटवला गेला. निकाल झाला नाही, त्यामुळे मागून येणाऱ्यांसाठी वाटही तयार झाली नाही. ग्रेसने एकामागून एक वकील गाठले. कोणी मुदतीचे कारण दिले, कोणाला या मुलींचे म्हणणेच पटेना. तबकड्यांच्या कारखान्यातील मुलगी आणि सरकारी कंत्राटे घेणारी बलाढ्य कंपनी, असा हा विषम सामना होता. वकील शोधण्यातच तिची जवळपास दोन वर्षे गेली आणि त्या काळात जबड्यावरच्या शस्त्रक्रिया सुरूच होत्या.

अखेर न्यूअर्कमधील रेमंड बेरी या तरुण वकिलाने तिचे वकीलपत्र घेतले. १८ मे १९२७ रोजी दावा दाखल झाला. तिच्यापाठोपाठ कॅथरीन शॉब, एडना हसमन आणि मॉली मॅगियाच्या दोन बहिणी क्विंटा मॅकडोनाल्ड व अल्बिना लॅरिस यांचे दावे आले. प्रत्येकीची मागणी अडीच लाख डॉलरची होती. वर्तमानपत्रांनी पाचही जणींना एक करुण नाव देऊन टाकले. त्यांना मृत्यूच्या उंबरठ्यावरच्या मुली म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. ग्रेसला मात्र दयेपेक्षा निर्णय हवा होता. आपल्याला या पैशांचा उपभोग फार काळ घेता येणार नाही, हे तिला माहीत होते. आपल्यासारख्या शेकडो जणींचे पुढे काय, हा प्रश्न तिने पत्रकारांपुढे वारंवार मांडला.

मुदतीचा अडसर दूर करण्यासाठी बेरी यांनी दोन मुद्दे मांडले आणि त्यांत विज्ञान व कायदा यांची सांगड होती. पहिला मुद्दा असा की, रेडियम हाडांत बसून क्षणोक्षणी मारा करते. म्हणजे इजा १९२० मध्ये संपलेली नाही, ती आजही होते आहे. प्रत्येक क्षणी नवी इजा असेल तर मुदत संपली कशी म्हणता येईल? दुसरा मुद्दा असा की, कंपनीने सत्य दडवले, खोटा अहवाल पुढे केला, मुलींना निरोगी ठरवले. ज्याने फसवून उशीर घडवला त्यालाच त्या उशिराचा लाभ मिळता कामा नये. म्हणून मुदत मोजायची ती मुलींना कारण कळले त्या दिवसापासून.

पुराव्यासाठी १९२७च्या ऑक्टोबरमध्ये मॉलीचे शव पुरल्यानंतर पाच वर्षांनी बाहेर काढण्यात आले. तपासणीत उपदंशाचे चिन्ह आढळले नाही. हाडांत किरणोत्सार मात्र भरपूर आढळला. एका बहिणीच्या नावावरचा डाग अशा रीतीने तिच्या हाडांनीच पुसला.

सप्टेंबरपर्यंतची तारीख

१२ जानेवारी १९२८ रोजी न्यायमूर्ती जॉन बॅक्स यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली. विषय एवढाच होता की, मुदत टळून गेली असताना हे दावे चालू शकतात का. ग्रेस पाठीला पट्टा बांधून साक्षीला आली. कुंचला कसा ओठांत धरायचा हे तिने सांगितले. किती दात गेले, किती वेळा जबडा कापला, याचा तपशील तिने न रडता दिला. तिचे वय तेव्हा २८ होते. पदार्थविज्ञानाच्या अभ्यासक एलिझाबेथ ह्यूज यांनी या पाचही जणींच्या श्वासांची चाचणी घेतली होती. त्यात किरणोत्सार असल्याची साक्ष त्यांनी दिली.

एप्रिलअखेर सुनावणी पुढे ढकलली गेली ती थेट सप्टेंबरपर्यंत. कारण असे दिले गेले की, कंपनीचे तज्ज्ञ साक्षीदार उन्हाळ्यात युरोपला जाणार आहेत. पाच महिन्यांनंतर पाचांपैकी किती जणी जिवंत असतील, हे कोणीच सांगू शकत नव्हते. बेरी यांनी इतर वकिलांकडून त्यांच्या मे महिन्यातील तारखा मागून घेतल्या, तरी कंपनी तयार होईना. तेव्हा जनमत पेटले. न्यूयॉर्क वर्ल्ड या दैनिकाचे संपादक वॉल्टर लिपमन यांनी अग्रलेखातून न्यायाच्या या विटंबनेवर कडाडून टीका केली. देशभरातून पत्रे येऊ लागली. मेरी क्युरी यांनीही पॅरिसहून सहानुभूती कळवली, परंतु शरीरात गेलेले रेडियम नष्ट करण्याचा मार्ग आपल्याला ठाऊक नसल्याचे त्यांनी सांगितले. त्या स्वतः पुढे १९३४ मध्ये रक्तक्षयाच्या अशा विकाराने गेल्या, ज्याचा संबंध किरणोत्साराशी जोडला जातो.

या गदारोळात जूनच्या आरंभीची तारीख मिळाली. पण खटला उभा राहण्यापूर्वीच विल्यम क्लार्क या न्यायाधीशांनी मध्यस्थी केली आणि ४ जून १९२८ रोजी तडजोड झाली. प्रत्येकीला १०,००० डॉलर रोख, हयात असेपर्यंत वर्षाला ६०० डॉलर आणि वैद्यकीय व न्यायालयीन खर्च. अडीच लाखांच्या मागणीपुढे ही रक्कम किती तोकडी, हे वेगळे सांगायला नको. कंपनीने दोष कबूल केला नाही. शिवाय तीन डॉक्टरांची समिती नेमण्याची अट होती. मुलींच्या शरीरातील रेडियम नाहीसे झाल्याचे या समितीने ठरवले तर वर्षासन थांबणार होते. १६०० वर्षांत निम्मे होणाऱ्या पदार्थाबद्दल अशी अट घालणे हा क्रूर विनोदच होता. मध्यस्थी करणारे क्लार्क हे कंपनीचे भागधारक होते, ही बाबही बेरी यांना खटकली होती.

तरीही मुलींनी होकार दिला. का दिला, हे समजायला फार विचार करावा लागत नाही. औषधांची देणी थकली होती, कुटुंबे कर्जात होती, आणि आजारी माणसापाशी तत्त्वासाठी थांबायला वेळ नसतो. धनको, डॉक्टर आणि मृत्यू तिघेही दारात उभे असताना मिळेल ते घ्यावे लागते. कामगाराच्या दाव्यांत तडजोडी इतक्या का होतात, याचे हे उत्तर ९८ वर्षांपूर्वीचे असले तरी शिळे झालेले नाही. आपल्या दाव्यात कायद्याचा प्रश्न अनिर्णित राहिला, याची खंत मात्र ग्रेसला वाटल्यावाचून राहिली नसेल.

मागे उरलेले

तडजोडीनंतर ग्रेस पाच वर्षे जगली. तिच्यावर एकूण वीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. या काळात तिच्या सोबतिणी एकेक करून गेल्या. क्विंटा १९२९च्या डिसेंबरात, कॅथरीन शॉब १९३३च्या फेब्रुवारीत. खुद्द रंगाचे जनक सोचोकी तर १९२८च्या नोव्हेंबरातच, त्यांच्याच शोधाने पोखरलेल्या रक्तामुळे मरण पावले होते. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी, वयाच्या ३४ व्या वर्षी, हाडाच्या कर्करोगाने ग्रेसचा अंत झाला. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर रेडियममुळे झालेला कर्करोग आणि औद्योगिक विषबाधा ही कारणे नोंदवली गेली. अकरा वर्षांपूर्वी मॉलीच्या दाखल्यावर जे लिहिले गेले होते, त्याच्याशेजारी हा कागद ठेवून पाहिला म्हणजे ग्रेसने काय मिळवले ते कळते. कामगाराच्या रोगाला त्याचे खरे नाव मिळाले होते.

खटल्याचे परिणाम तिच्या हयातीतच दिसू लागले होते. १९२८च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने रेडियमच्या धोक्यावर परिषद बोलावली. तरीही न्याय सरळ रेषेत पुढे गेला नाही. इलिनॉय राज्यातील ओटावा गावी दुसऱ्या एका कंपनीत मुली तबकड्या रंगवीत होत्या. ग्रेसच्या खटल्याची बातमी पसरताच त्या कंपनीने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन आपला रंग निर्धोक असल्याचे सांगितले. तिथल्या कॅथरीन डोनोह्यू यांना १९३८ मध्ये अंथरुणावरूनच साक्ष द्यावी लागली. त्या जिंकल्या, पण त्याच वर्षी वारल्या. कंपनीने केलेली अपिले १९३९ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारातून परत गेली. उलट न्यू जर्सीतच १९३५ मध्ये एका मृत सहकारिणीच्या पतीचा दावा मुदतीच्याच मुद्द्यावर फेटाळला गेला. बेरी यांनी विचारलेला प्रश्न अजून तसाच होता.

त्याचे उत्तर १९४९ मध्ये आले. रेल्वेच्या इंजिनात सुमारे तीस वर्षे काम करून फुप्फुसांत सिलिकाची धूळ साठलेल्या एका फायरमनच्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, हळूहळू वाढणाऱ्या अशा रोगात मुदत मोजायची ती धूळ शरीरात शिरल्याच्या अज्ञात दिवसापासून नव्हे, तर रोग प्रकट झाल्यापासून. ग्रेसच्या दाव्याचा या निकालात आधार घेतला गेला असे नाही. परंतु तिच्या वकिलाने ऑरेंजच्या मुलींसाठी जे मागितले होते, त्याच न्यायतत्त्वाला २१ वर्षांनी मान्यता मिळाली.

विज्ञानानेही या मुलींचे ऋण घेतले आहे. रॉबली इव्हान्स यांनी हयात असलेल्या तबकडी-कामगारांच्या शरीरातील रेडियम मोजले. त्या मोजमापांवरून १९४१ मध्ये मानवी शरीरात रेडियमची सुरक्षित मर्यादा एक दशांश मायक्रोग्रॅम ठरवली गेली. पुढे अणुबॉम्बच्या प्रकल्पात प्लुटोनियम हाताळणाऱ्यांसाठी नियम करताना हीच मर्यादा पायाभूत ठरली. त्या नियमांनी किती जीव वाचवले याची गणती नाही. ते ज्या हाडांवरून काढले गेले, ती हाडे मात्र गणतीची आहेत.

आपल्या देशाचा विचार केला तर योगायोगाने तोच काळ दिसतो. ग्रेस डॉक्टरांकडे फेऱ्या घालत असताना हिंदुस्थानात १९२३चा कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली असल्याने इथल्या कामगाराला त्याचे छत्र मिळाले ते १९६१ च्या मुक्तीनंतर. या कायद्याने व्यवसायजन्य रोगांची अनुसूची दिली आणि अशा रोगाला अपघाताइतकेच महत्त्व दिले. रोगामुळे कामगार ज्या दिवसापासून सलग गैरहजर राहिला तो अपघाताचा दिवस समजावा, असे त्यात होते. पुढे झालेल्या दुरुस्तीने काम सोडल्यानंतर दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली तर ती प्रथम आढळली तो दिवस धरण्याची सोय केली. दोन वर्षे! ग्रेसचा दात हलला तोही कारखाना सोडल्यावर सुमारे दोन वर्षांनीच. थोडा उशीर झाला असता तर याही कायद्याने तिच्यापुढे प्रश्नचिन्ह उभे केले असते. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांसंबंधी १९९५ मध्ये दिलेल्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हा धोका ओळखला. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपाव्यात, असा आदेश न्यायालयाने दिला. रोग किती उशिरा दार ठोठावतो, याची जाणीव त्या आकड्यांत आहे.

खाणीत, दगडांच्या क्रशरवर, गोदीत वा रंगाच्या कारखान्यात राबणाऱ्याने ग्रेसच्या चरित्रातून उचलण्यासारखी गोष्ट साधी आहे. कुठे, केव्हापासून, कशाबरोबर काम केले याचा कागद जपावा; नेमणुकीचे पत्र, पगाराची पावती, डॉक्टरांचे अहवाल टाकून देऊ नयेत; आणि पूर्वी काय काम करीत होतो हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. ग्रेसच्या वेळी हे सांगणारे कोणी नव्हते. तिने ते स्वतःच्या हाडांच्या किमतीवर शोधून काढले.

ऑरेंजच्या कारखान्यातून बाहेर पडलेली घड्याळे केव्हाच बंद पडली. त्यांच्या तबकड्यांवरचे आकडेही आता उजळत नाहीत, कारण जस्ताचे संयुग काही वर्षांतच झिजते. त्या रंगातले रेडियम मात्र अजून जवळपास तेवढेच शिल्लक आहे. ग्रेसच्या हाडांतही.